ॲप नवे, गटार जुनेच : पालिकेचा नवोपक्रम नेमका कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले मुख्य गटार तुंबले. तिसऱ्या दिवशी घाण पाणी विहाराच्या पायरीला लागले. आमच्यातल्या एका मुलाने नगरपरिषदेच्या नव्या ॲपवर फोटो टाकून तक्रार नोंदवली. दोनच महिन्यांपूर्वी मंडप घालून, फीत कापून, पुढाऱ्यांच्या भाषणांच्या गजरात हे ॲप सुरू झाले होते. चोवीस तासांच्या आत मुलाच्या मोबाईलवर संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया अभिप्राय द्या.' खाली पाच तारे होते. तो हा संदेश वाचत होता तेव्हा त्याच्या पायाशी तेच पाणी होते.

पाचव्या दिवशी ठेकेदाराने दोन माणसे पाठवली. एकाच्या हातात बांबू, दुसऱ्याच्या हातात घमेले. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत. चेंबरचे झाकण सरकवून एक जण कमरेपर्यंत आत उतरला. आम्ही अडवले, 'मशीन मागवा' म्हणालो. मुकादम शांतपणे म्हणाला, 'मशीन तुमच्या गल्लीत शिरत नाही. आणि हा उतरला नाही तर उद्यापासून ह्याला काम नाही.' आत उतरलेला माणूस आपल्यातलाच होता. त्याने आमच्याकडे बघून हात जोडले. अडवू नका, असे त्याला सांगायचे होते.

त्या दिवशी आम्ही त्याला बाहेर काढले. त्याची मजुरी बुडाली, ती वर्गणी काढून दिली. पण वर्गणीने जात मोडत नाही आणि गटारही साफ होत नाही, हे आम्हालाही कळते. आठवड्याने नगरपरिषदेच्या फाटकावर फ्लेक्स लागला : 'नावीन्यपूर्ण उपक्रमांत आघाडीवर.' फ्लेक्सवर मोबाईल धरलेला हसरा नागरिक होता. गटारातला माणूस फ्लेक्सवर नव्हता.

मित्रांनो, या फ्लेक्सविषयीच आम्हाला बोलायचे आहे. 'नवोपक्रम', 'स्मार्ट', 'डिजिटल', 'ई-गव्हर्नन्स' हे शब्द आज महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. आम्ही या शब्दांचे वैरी नाही. पण प्रत्येक नव्या योजनेला आमचे तीन प्रश्न आहेत. ही योजना कोणावर नजर ठेवते? कोणाला मोकळे करते? आणि तिचा ताबा कोणाकडे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे वस्तीत उभे राहून द्यावी लागतात, आयुक्तांच्या वातानुकूलित दालनात नाही.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

हा विषय आपल्याला नवा नाही. आपल्या चळवळीचा पहिला मोठा लढाच एका नगरपालिकेच्या 'नवोपक्रमा'वरून झाला, हे आपण विसरतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्या काळाच्या मानाने ही केवढी पुढची गोष्ट! आजचा जमाना असता तर महाड नगरपालिकेला 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून पुरस्कार मिळाला असता, चषक मिळाला असता, बातमी छापून आली असती.

पण पाणी? ते तीन वर्षे कोणालाही मिळाले नाही. ठराव कागदावर राहिला आणि तळे सवर्णांकडे राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले तेव्हा तो ठराव पहिल्यांदा अमलात आला. त्याची किंमत आपल्या माणसांनी डोकी फुटून मोजली. आणि नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपला १९२४ चा ठरावच रद्द केला! सुरबानाना टिपणीसांसारखे नगरपालिकेतले सहकारी बाबासाहेबांच्या सोबत होते, तरीही हे घडले. मग कोर्टकचेरी सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

यातून काय शिकायचे? स्थानिक संस्थेत ठराव होणे आणि वस्तीत पाणी येणे यांच्यामध्ये एक दरी असते. त्या दरीला प्रशासन 'अंमलबजावणीतील अडचण' म्हणते. आम्ही तिला जात म्हणतो. १९२४ साली ठराव होता, पाणी नव्हते. आज 'तक्रार निकाली' असा संदेश आहे, पण गटार वाहत नाही. शंभर वर्षांत कागदाच्या जागी मोबाईल आला. दरी तिथेच आहे.

बोले यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ठराव पाळला जात नाही हे दिसल्यावर १९२६ मध्ये ते पुन्हा कौन्सिलात उभे राहिले आणि म्हणाले की जी नगरपालिका ठराव पाळत नाही तिचे अनुदान थांबवा. म्हणजे पैशाची नाडी अस्पृश्यांच्या हक्काशी बांधा. नवोपक्रम म्हणायचाच असेल तर आम्ही याला म्हणू. त्यात यंत्र नव्हते, ॲप नव्हते, पण सत्तेच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट होते.

घड्याळ मनगटावर, मशीन कुठे?

आता आजच्या नवोपक्रमांकडे वळू. नागपूर, चंदीगड आणि इतरही काही शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली गेली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, नेमून दिलेल्या रस्त्याबाहेर गेला का, हे सारे कार्यालयातल्या पडद्यावर दिसते. थोडे थांबला की पगार कापण्याची भीती. बाई शौचालयाला गेली तरी तिची नोंद! कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला तेव्हा 'कामचुकार' म्हणून त्यांनाच हिणवले गेले.

आमचा साधा प्रश्न आहे. उपग्रहाला झाडूवाली बाई दिसते, तर तोच उपग्रह ठेकेदाराची न आलेली कचरागाडी का दाखवत नाही? घड्याळ मुकादमाच्या, स्वच्छता निरीक्षकाच्या, अभियंत्याच्या मनगटावर का नाही? अभियंता महिन्यातून किती वेळा दलित वस्तीत आला याचा नकाशा लोकांपुढे का ठेवत नाहीत? उतरंडीत जो सर्वात खाली त्याच्यावर सर्वाधिक पाळत, आणि जो वर त्याच्यावर शून्य. ही रचना ओळखीची वाटते ना? पूर्वी गावकामगाराने वेशीवर हजर राहायचे असे. आता हजेरी उपग्रह घेतो.

आणि ज्या ठिकाणी तंत्रज्ञान खरोखर हवे होते तिथे ते आले का? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा वाचा. त्याचे कलम ३३ सांगते की गटारे आणि मलटाक्या साफ करण्यासाठी योग्य यंत्रसामग्री वापरणे हे प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कर्तव्य! म्हणजे गटारासाठी मशीन आणणे ही कोणा आयुक्ताची कल्पकता नाही, कोणा नगराध्यक्षाची मेहेरबानी नाही. दहा वर्षांहून अधिक काळ तो कायदा आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला हे काम करायला लावणे २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. न्यायालयाने माणसाच्या जिवाची किंमत वाढवली, कारण पालिकांनी माणूस मरणे थांबवले नाही. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत देशभरात गटारे व मलटाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली. त्यांतले सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींतले निघाले; एकट्या अनुसूचित जातींचा वाटा दोन तृतीयांशाहून जास्त. 'आता जात कुठे राहिली?' असे विचारणाऱ्यांना हा आकडा दाखवा. जात गटारात राहिली आहे, झाकणाखाली.

'मशीन तुमच्या गल्लीत शिरत नाही,' हे मुकादमाचे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. मशीन खरेदी करताना कोणाच्या रस्त्याची रुंदी मोजली होती? रुंद रस्त्याच्या सोसायट्यांची. आपल्या गल्ल्या अरुंद का आहेत? कारण शहराच्या आराखड्यात आपल्याला जागाच दिली नव्हती. नाल्याकाठी, रेल्वेकाठी, गावकुसाबाहेर आपण स्वतःच जागा केली. मग त्याच अरुंदपणाचे कारण सांगून आपल्याच माणसाला आत उतरवायचे. याला म्हणतात मनुवादाचे अभियांत्रिकी रूप.

शब्दांचे नवोपक्रम

काही नवोपक्रम यंत्राचे नसतात, शब्दांचे असतात. मुंबईत झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी 'दत्तक वस्ती योजना' आली. वस्तीत रोज झाडू मारणाऱ्याला कामगार म्हटले नाही, 'स्वयंसेवक' म्हटले. त्याच्या पैशाला पगार म्हटले नाही, 'मानधन' म्हटले. दोन शब्द बदलले की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा, विमा सगळे गळून पडते. केवढी स्वस्त कल्पकता! कचरा वाहतुकीच्या कंत्राटी कामगारांनी याच स्वरूपाच्या फसवणुकीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. त्या कामगारांना कायम करणारा नवोपक्रम पालिकेने केला नाही. तो कामगारांच्या संघटनेने केला.

दुसरा शब्द 'स्मार्ट सिटी'. जून २०१५ मध्ये हे अभियान सुरू झाले, १०० शहरे निवडली गेली, मार्च २०२५ मध्ये ते गुंडाळले गेले. पुण्यात विकासासाठी निवडलेला पट्टा कोणता होता? औंध-बाणेर-बालेवाडी. ताडीवाला रोड नाही, जनता वसाहत नाही, पाटील इस्टेट नाही. जो भाग आधीच चकचकीत तो आणखी चकचकीत करायचा, आणि त्यासाठी लोकनियुक्त सभागृहाला बगल देऊन कंपनी स्थापन करायची. होय, कंपनी! कंपनी कायद्याखालची. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहराचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभागृहाकडे दिला, अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना त्यात राखीव जागा दिल्या. कंपनीच्या संचालक मंडळात कसल्या राखीव जागा?

त्याहून मोठा 'नवोपक्रम' महाराष्ट्राने केला : निवडणुकाच न घेता शहरे चालवून दाखवली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासक. राज्यातल्या कितीतरी महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदांचे तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, तेव्हा कुठे चाक हलले. या काळात वस्तीतल्या बाईला जाब विचारायला नगरसेवक नव्हता. तिच्या हातात काय होते? ॲप. लोकप्रतिनिधी काढून घेतला आणि बदल्यात पाच तारे दिले.

बाबासाहेब या बाबतीत किती सावध होते ते पाहा. १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा 'गावाला अधिकार' या गोड शब्दांना ते भुलले नाहीत. प्रौढ मताधिकार नसेल आणि अस्पृश्यांना हक्काचे प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतीला अधिकार देणे म्हणजे वरच्या जातींच्या हाती आणखी एक काठी देणे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. संस्था नवी आहे की जुनी, यापेक्षा तिच्यात आपला आवाज आहे की नाही, हे त्यांनी आधी विचारले. आपण आज ॲपला, कंपनीला, डॅशबोर्डला तोच प्रश्न विचारायचा.

'पण तंत्रज्ञानाला जात नसते'

आमच्यातलेच काही शिकलेले तरुण म्हणतात, 'तुम्ही उगाच विरोध करता. ऑनलाइन आल्यापासून जातीच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या आणि दलालाच्या दारात बसावे लागत नाही. मशीन जात विचारत नाही.'

यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत मिळायचा हे ठरवून दिले, पदनिर्देशित अधिकाऱ्याचे नाव लावायला सांगितले, दोन अपिले दिली, त्यावर आयोग दिला, कसूर करणाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. हा खरा बदल आहे. 'या, उद्या या' म्हणणाऱ्या बाबूला आता तारीख द्यावी लागते. बाबासाहेबही यंत्राच्या विरोधात नव्हते. गांधीवादावर लिहिताना त्यांनी स्पष्ट केले आहे की दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत ते वापरले जाते तिचा आहे. माणसाला कष्टातून उसंत आणि संस्कृती यंत्रामुळेच मिळू शकते.

म्हणूनच आमचे भांडण यंत्राशी नाही. यंत्र कुठे बसवले आणि कोणाच्या हाती दिले, याच्याशी आहे. लोकसेवा हक्क कायद्यात नागरिक अधिकाऱ्यावर दंड लावायला लावू शकतो. घड्याळाच्या योजनेत अधिकारी कामगाराचा पगार कापू शकतो. दोन्हींत संगणक आहे. पण एकात खालच्याच्या हाती दोरी आहे, दुसऱ्यात वरच्याच्या हाती. फरक इथे आहे.

जे खरोखर नवे आहे

टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. खरा नवोपक्रम कसा असतो याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत, फक्त ती फ्लेक्सवर नसतात.

पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातल्या बहुसंख्य बाया आपल्याच समाजाच्या. उकिरड्यावर वाकून कचरा वेचणाऱ्या, 'चोर' म्हणून पोलिसांचा मार खाणाऱ्या. संघटनेने आधी ओळखपत्र मिळवले आणि महापालिकेला त्याला मान्यता द्यायला लावली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. ठेकेदार नाही, मुकादम नाही. बाया स्वतः सभासद, स्वतः मालक. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागते, म्हणून कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही साधी मागणी त्यांनी शहरापुढे ठेवली. कोणत्या सल्लागार कंपनीला सुचले असते हे? ज्यांच्या हाताला घाण लागते त्यांनाच ते सुचते. आणि तरीही कराराचे नूतनीकरण आले की याच बायांना रस्त्यावर उतरावे लागते, कारण मोठ्या गाड्यांच्या ठेक्यात ज्यांचा वाटा असतो त्यांना हा नवोपक्रम खुपतो.

हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळाने २०१७ मध्ये लहान आकाराच्या ७० जेटिंग मशीन उतरवल्या. अरुंद गल्लीत शिरतील अशाच बनवलेल्या! दलित उद्योजकांची संघटना 'डिक्की' त्यात होती, आणि दिल्लीत २०१९ मध्ये त्याच वाटेने अशा २०० मशीन आल्या. त्यात सफाई कामगारांच्या कुटुंबांनी कर्ज काढून मशीनची मालकी घेतली. म्हणजे 'गल्लीत शिरत नाही' ही सबब खोटी आहे हे एका शहराने सिद्ध केले. मशीन गल्लीच्या मापाची करता येते, इच्छा हवी.

पण इथेही आम्ही टाळ्या वाजवून थांबणार नाही. मशीन आले, जात गेली का? गटाराचे काम पुन्हा त्याच कुटुंबाकडे राहिले, फक्त बांबूच्या जागी पाइप आला. जीव वाचला, ही फार मोठी गोष्ट आहे आणि आम्ही तिला कमी लेखत नाही. पण पुढची पायरी त्या मशीनवर कोणत्याही जातीचा माणूस कामाला येण्याची आहे. ज्या दिवशी जेटिंग मशीनच्या चालकाच्या जागेसाठी सर्व जातींची पोरे रांगेत उभी राहतील, कारण पगार चांगला, काम सुरक्षित आणि मान आहे, त्या दिवशी आम्ही त्याला क्रांतिकारी नवोपक्रम म्हणू.

हाच पेच लाड-पागे समितीच्या वारसा हक्काबाबत आहे. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ठेकेदारीच्या वणव्यात ही कायम नोकरी म्हणजे कुटुंबाचा आधार आहे. ती काढून घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला आमचा विरोधच राहील. पण बापाचा झाडू पोराच्या हाती देण्याला आपण कायमचा 'हक्क' म्हणत बसायचे का? पोरगी बी.कॉम. झाली असेल तर तिला लेखा विभागात घ्या, पोरगा आयटीआय झाला असेल तर त्याला यांत्रिकी विभागात घ्या. वारसा नोकरीचा द्या, झाडूचा नको. ही मागणी आपल्या संघटनांनीच पुढे रेटली पाहिजे. हे बोलायला जड जाते, कारण घराघरांत भाकरीचा प्रश्न आहे. तरी बोलले पाहिजे. बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो कामगाराला चांगला झाडू मिळवून देण्यापुरता नव्हता.

जोतीरावांची नगरपालिका

महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सभागृहात एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. कमानी आणि रोषणाई विरुद्ध शाळा. आज कमानीच्या जागी एलईडी पडदा आहे, लिटनच्या जागी मंत्री आहे. प्रश्न तोच आहे आणि त्या सभागृहात जोतीरावांसारखा उभा राहणारा माणूस हवा आहे. तो पुरस्कार देऊन मिळत नाही. तो वस्तीतून पाठवावा लागतो.

मग आपण काय करायचे?

ओरडून उपयोग नाही, कागद हातात घ्या. आमच्या गटाने ठरवलेली कामे इथे देत आहोत. प्रत्येक वस्तीत करता येतील.

१. कलम ३३ चा हिशेब मागा. माहिती अधिकारात अर्ज करा : जेटिंग आणि सक्शन मशीन किती, त्यांची रुंदी किती, कोणत्या वस्त्यांत त्या जात नाहीत, आणि तिथे गेल्या वर्षी गटार कोणी व कसे साफ केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हाच गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो.

२. तक्रार कोण बंद करते ते विचारा. ज्याने तक्रार केली त्याच्या मोबाईलवरच्या संकेतांकाशिवाय किंवा सहीशिवाय ती 'निकाली' निघू नये, असा ठराव सभागृहात मांडायला आपल्या नगरसेवकाला भाग पाडा. एवढ्या एका बदलाने अर्धी खोटी आकडेवारी कोसळेल.

३. आपला निधी शोधा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने सेस फंडाच्या २० टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. किती केले, कशावर केले, काम प्रत्यक्षात कोणत्या आळीत झाले? दलित वस्तीच्या निधीतला रस्ता पाटलाच्या मळ्यापर्यंत गेला असेल तर त्याचे मोजमाप करून फोटो काढा.

४. अंदाजपत्रकात घुसा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामे सुचवता येतात. सोसायट्यांचे लोक अर्ज भरतात, बाकडी आणि पदपथ मिळवतात. आपल्या वस्तीतून किती अर्ज जातात? ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकसहभागाचे अंदाजपत्रक सुरू झाले, तेव्हा जो भाग अधिक वंचित त्याला अधिक भारांक, असा नियम होता. तो नियम आपल्याकडे मागा. लोकसहभाग घ्यायचा आणि भारांक वगळायचा, ही अर्धी नक्कल आपल्याला नको.

५. बोले यांची मागणी पुन्हा करा. १५ व्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला अटी घातल्या : हिशेब ऑनलाइन ठेवा, मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा. हिशेबासाठी अट घालता येते तर माणसाच्या जिवासाठी का नाही? ज्या शहरात गटारात माणूस मेला त्याचे अनुदान त्या वर्षी थांबले पाहिजे आणि त्याला स्वच्छतेचा कोणताही पुरस्कार मिळता कामा नये. शंभर वर्षांपूर्वी जे पाण्यासाठी मागितले गेले ते आज गटारासाठी मागू.

६. लोकसेवा हक्क कायद्याची अपिले करा. दाखला मुदतीत मिळाला नाही की पोरांनी हताश होऊन दलालाकडे जाऊ नये. अपील लिहून देणारा एक मुलगा, एक मुलगी प्रत्येक विहारात रविवारी बसली पाहिजे. विहार हे केवळ वंदनेचे ठिकाण नाही.

आमच्या वस्तीत आम्ही पहिले आणि सहावे काम सुरू केले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाचे उत्तर आले : 'सदर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही.' जी नगरपरिषद झाडूवाल्या बाईच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवते, तिच्याकडे गटारात कोण उतरले याचा हिशेब नाही! आम्ही पहिले अपील दाखल केले आहे. त्या दिवशी गटारात उतरलेला तो माणूस अपिलाच्या सुनावणीला येतो म्हणाला. ठेकेदाराला कळले तर काम जाईल, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो येतो म्हणाला. त्याच्या हाताला काम राहील याची जबाबदारी आता आमची आहे, आणि ती वर्गणीपुरती नाही.

महाडच्या तळ्याचे पाणी कोणा नगरपालिकेच्या नवोपक्रमाने मिळाले नाही. लोक चालत गेले आणि ओंजळ भरली. आपल्या गल्लीत मशीनही तशीच येईल. ती आणायला आपल्यालाच जावे लागेल, हातात अर्ज आणि सोबत वस्ती घेऊन.

जयभीम! जय संविधान!